इग्वानाला मुडदूस झाला, विकताना कोणी काही सांगितलंच नव्हतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या दिवाळीत माझ्या मुलाने इग्वाना म्हणजे मोठा परदेशी सरडा आणला, हिरवागार, शेपूट धरून हातभर. दुकानदार म्हणाला काही त्रास नाही काका, कोबी काकडी टाका, काचेच्या पेटीत ठेवा, बास. वाढून ५ फुटांच्या पुढे जातो, १५-२० वर्षं जगतो हे काही बोलला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मार्चमध्ये त्याला नीट चालता येईना, मागचे पाय वाकडे झाले, जबडा मऊ पडला. इथले डॉक्टर सरळ म्हणाले मी गाई-म्हशी, कुत्री बघतो, याला पुण्याला न्या.

पुण्यात कळलं की लहान पोराला मुडदूस होतो तसंच हे आहे, ऊन नाही म्हणून खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. सोलापुरात राहून ऊन नाही यावर माझा विश्वासच बसेना, पेटी तर खिडकीतच होती, पण हाडांना लागणारे किरण काचेत अडतात, त्यासाठी यूव्हीबीचा वेगळा बल्ब लागतो. आणि कोबी नाही, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं द्यायची. शिवाय हा प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला, आपल्याकडे मे महिन्यात ४३ डिग्री आणि कोरडी हवा, त्यात लाईट गेली की पेटीची भट्टी होते.

दुकानातून कागद म्हणून फक्त साधी चिठ्ठी मिळाली. नंतर समजलं की इग्वाना, बॉल पायथन (अजगर), एम्परर विंचू हे सगळे साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपली घोरपड किंवा चांदणी कासव घरात ठेवलं तर तो सरळ गुन्हाच आहे, तिथे नोंदणीचा प्रश्नच येत नाही.

पोरांना आता विंचू आणि टॅरँटुला म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचंही वेड लागलंय. मुलाच्या एका मित्राने माळावरचा लाल विंचू बरणीत ठेवलेला मी स्वतः बघितला, म्हणे एम्परर चालतो तर हा का नाही. अहो, एम्परर दिसायला दांडगा पण त्याचा डंख मधमाशीसारखा, आणि आपला लाल विंचू बारका पण जीव घेतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून देईपर्यंत कोकणात कितीतरी लहान मुलं त्याच्यापायी गेली. दुकानात किंवा व्हिडिओत हा फरक कोण सांगतं?

आणि सांभाळणं झेपलं नाही की मग प्राणी सोडायला इथला कंबर तलाव नाहीतर सिद्धेश्वर तलाव. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव अमेरिकेतलं आहे, वाढून फूटभर होतं, २०-३० वर्षं जगतं, आणि तलावात सोडलं की आपल्या कासवांच्या वाट्याचं खातं. सोडणाऱ्याला वाटतं पुण्य केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की विकणाऱ्याने प्राणी किती वाढतो, किती जगतो, काय खातो, कुठला बल्ब लागतो आणि नोंदणी कशी करायची हे मराठीत लिहून सही करून द्यावं, अशी सक्ती करा. आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी प्राणी कुठे आणून द्यायचा ती जागा वनविभागाने सोलापुरातच ठरवून जाहीर करावी, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला तर तिथला पत्ता मिळाला पाहिजे.

आमच्या इग्वानाचे पाय आता सरळ होणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले, पण गेल्या आठवड्यापासून तो शेवग्याचा पाला स्वतःहून खायला लागलाय.

– एक वाचक, जुळे सोलापूर