तुझी नस आणि बाबांची नस

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालास की कळ कमरेतनं निघते आणि मांडीच्या मागनं पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, आणि वर म्हणालास बाबांचंच मला झालंय. तसं नाही रे. नस दोघांची दबलीय पण दाबणारं वेगळं आहे, बाबांच्या वेळी डॉक्टरांनी मणक्याचं मॉडेल दाखवून समजावलेलं म्हणून सांगते.

दोन मणक्यांच्या मधे गादी असते, बाहेरनं घट्ट कडं आणि आत मऊ गर. तू बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर वाकून, कंबर वळवून कास्टिंग (धातूचे जड ओतीव भाग) उचलतोस, त्यात ते कडं चिरतं, गर मागं सरकतो आणि नसेला लागतो. नुसतं वजनच नाही, घराण्यातपण असतं, सिगरेटनंपण गादी लवकर खराब होते (ती सोड आता). बहुतेक खालच्या दोन गाद्यांतच होतं, एल ४-एल ५ नाहीतर एल ५-एस १ (एल म्हणजे कमरेचे मणके, एस १ त्यांच्या खालचं हाड). तुझं अंगठ्याकडं जातंय म्हणजे एल ५ची नस असावी. टाचांवर चालून बघ, पंजा वर राहत नसेल तर लगेच डॉक्टरला दाखव.

बाबांचं वयानं आहे, हाड वाढून आणि आतलं लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा) जाड होऊन नसा जातात ती मणक्यातली नळीच अरुंद झालीय. म्हणून चालले की पाय भरून येतात, बसले किंवा पुढं वाकले की बरं वाटतं. तुला उलट, बसून आणि वाकूनच वाढतंय ना? मग त्यांचे गुडघे छातीशी घ्यायचे व्यायाम फिजिओला विचारल्याशिवाय अजिबात करू नको.

एमआरआयला घाबरू नको, काहीच दुखत नसलेल्यांच्या रिपोर्टमधेपण गादी सरकलेली दिसते. ऑपरेशनशिवाय बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यात बरं वाटतं, सरकलेला गर बऱ्याचदा शरीरच जिरवून टाकतं. सारखं झोपून राहू नको, थोडं थोडं चाल, आणि कुणाकडनं झटका देऊन कंबर बसवून घ्यायची नाही.

पण लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडला तर लाजायचं नाही, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं, मला फोन नंतर कर.

रविवारी निपाणीला येताना बाईक काढू नको, बसनं ये, पुढच्या सीटवर बस, मागं दणके फार बसतात, आणि संकेश्वरला गाडी थांबली की उतरून जरा पाय मोकळे कर.

तुझी आई