जुना अर्थ म्हणजे चुकीचा अर्थ नाही

संपादक महाशय, रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी डिक्शनऱ्यांमधल्या शब्दांवर लेख आला, वाचायला मजा आली, पण जुने अर्थ 'चुकीचे' होते हे काही पटलं नाही. अहो, 'नाइस' म्हणजे चौदाव्या शतकात मूर्ख, मुळात 'अडाणी' अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला, आणि 'सिली' म्हणजे त्याआधी सुखी, पुण्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख, म्हणजे दोघांनी जागाच बदलल्या की! ही चूक कशी, त्या काळी लोक तसंच बोलायचे.

खरी चूक वेगळी असते. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने आपल्या 1755च्या डिक्शनरीत 'पास्टर्न' म्हणजे घोड्याचा गुडघा असं छापलं, प्रत्यक्षात तो खुराच्या वरचा भाग. तसंच 'ओट्स' म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात ते धान्य, असं त्याने लिहिलं, पण हा अर्थ नाही, टोमणा आहे (गंमत म्हणजे त्याच्या सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश!). लेखात हे सगळं एकाच टोपलीत टाकलंय. पास्टर्नबद्दल एका बाईंनी विचारलं तेव्हा जॉन्सन स्वतःच म्हणाला होता, अज्ञान, मॅडम, निव्वळ अज्ञान.

– एक वाचक, पुणे