"हिला कान नाही" असं सहा वर्षांच्या पोरीला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐरोलीतल्या एका गाण्याच्या क्लासने माझ्या भाचीला अॅडमिशन नाकारली. पेटीवर एक सूर धरला, "हा लाव" म्हणाले, पोर बावरली, लागला नाही, मग आईला विचारलं घरात कुणी गाणारं आहे का, ती नाही म्हणाली तर सरळ "हिला कान नाही, चित्रकलेला घाला". आणि सूर तरी कुठला, तर सरांच्या स्वतःच्या गळ्याचा खालचा काळी एक (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर), तिथपर्यंत एवढ्या लहान मुलीचा गळा पोचणार कसा? ऐकू येणं वेगळं आणि गळ्यातून काढता येणं वेगळं, हे तरी शिकवणाऱ्याला माहीत हवं ना.

कसलाही आधार नसताना नुसता सूर ऐकून ही काळी चार, ही पांढरी पाच असं सांगणारी माणसं फार थोडी, दहा हजारांत एखादा असं म्हणतात. पण आपल्या गाण्याला ते लागतच नाही. आपण षड्ज, म्हणजे सा, ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे धरतो आणि बाकीचे सूर त्यावरून ओळखतो, आणि हे शिकून येतं, रोज तानपुऱ्याशी बसून येतं.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. माँट्रियलच्या संशोधक इझाबेल पेरेट्झ यांनी २००७ साली दाखवलं की ज्यांना सुरांतला फरक मुळातच कळत नाही अशांच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत ३९ टक्के जणांना तीच अडचण होती, इतर कुटुंबांत ३ टक्के. पण ही अडचण वेगळी आणि घरात कुणी गात नाही हे वेगळं. आपल्याकडे कितीतरी घरांत कुणाला शिकायला मिळालं नाही म्हणून कुणी गात नाही, त्यावरून मुलीचा कान कसा ठरवणार?

आणि आधाराशिवाय सूर सांगण्याचं जे कौतुक असतं तेही नुसतं रक्तात नाही. संशोधक डायना डॉइच यांनी २००६ साली दोन संगीत विद्यालयांची तुलना केली तेव्हा चार-पाच वर्षांच्या वयात शिकायला लागलेल्या विद्यार्थ्यांत बीजिंगमधल्या साधारण ६० टक्के जणांना ते जमत होतं, अमेरिकेतल्या ईस्टमनमध्ये १४ टक्के. वंशाचा फरक म्हणावं तर २००९ मध्ये त्यांनीच बघितलं की पूर्व आशियाई घरातली पण चिनीसारखी, सुराप्रमाणे शब्दाचा अर्थ बदलणारी भाषा नीट न येणारी मुलं इतरांसारखीच निघाली, म्हणजे लहानपणी कानावर काय पडलं त्याला महत्त्व. टोकियोत तर दोन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज थोडं थोडं करून एकेक सूर नाही, तर पियानोवरचे तीन-तीन सुरांचे गट ओळखायला शिकवले, ज्या २२ मुलांनी ते पूर्ण केलं त्या सगळ्यांना आधाराशिवाय सूर सांगणं जमलं (२०१४ चा अभ्यास आहे).

भाचीला नंतर वाशीला एका बाईंकडे नेलं. त्यांनी गायला सांगितलंच नाही, तानपुऱ्याजवळ बसवलं आणि जोडीच्या दोन तारांपैकी एक मुद्दाम जराशी उतरवली. दोन्ही छेडल्या की आवाज वांव वांव असा हलतो, सेकंदाला दोन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. मग त्यांनी सूर जुळवायचा तारेतला मणी हळूहळू सरकवला, हेलकावे लांबत गेले, थांबले, आणि पोरगी लगेच म्हणाली "आता एकच झाला!" कान नाही म्हणे.

क्लासवाल्यांना हात जोडून विनंती, पारख करायचीच तर मुलाच्या पट्टीत करा, दोन सूर वाजवून वरचा कुठला एवढंच विचारा, आणि निदान वर्षभर शिकवल्याशिवाय निकाल देऊ नका. आणि ठाणे, नवी मुंबई महापालिकांनी बालवाडीपासूनच आठवड्याला दोन तास तरी सुरांचे ठेवावेत, सगळ्यांनाच क्लासची फी परवडत नाही, तानपुरा नसला तर मोबाईलवरचाही चालेल.

— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई