माशांच्या पेंडीत हळद किती घालायची, हे एकदा छापून द्या

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी वसमत तालुक्यातला हळद उत्पादक. शेततळं खोदलं ते पिकासाठी, पण पाच वर्षांपासून त्यात रोहू, कटला, मृगळही पाळतो. जुलैत बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडायची आणि मार्चपर्यंत मासे काढायचे, कारण पुढे ते पाणी भुईमुगाला आणि हळदीच्या लागवडीला लागतं. एवढ्या थोड्या महिन्यांत मासा आजारी पडला की वर्ष गेलंच म्हणायचं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या थंडीत रोहूच्या अंगावर लाल चट्टे आले. दुकानदाराने एक पुडी दिली, "पेंडीत कालवा, पाच दिवसांत फरक पडतो." पुडी अँटिबायोटिकची होती. ती दिल्यावर किती दिवसांनी मासा विकायचा, असं विचारलं तर म्हणाला, "काही होत नसतं." बिल दिलं नाही. चट्टे गेले. पण त्या हंगामातला मासा माझ्या घरी कुणाच्या घशाखाली उतरला नाही. आम्ही न खाल्लेला मासा बाजारात मात्र गेला, हेही इथं लिहितो.

तेव्हापासून लसूण सुरू केला. शेजारी हसतो, "माशाला बाळंतकाढा देतोस काय?" हसू दे. पद्धत साधी आहे. एक किलो खाद्याला दहा ग्रॅम लसूण. तो ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, कारण ज्या घटकाचा उपयोग होतो ते अ‍ॅलिसिन पाकळी फुटल्यावरच तयार होतं. शिजवला तर ते जातं. मग भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड यांत कालवून गोळा करायचा, भोकं पाडलेल्या पिशवीत भरायचा आणि पिशवी बांबूला बांधून पाण्यात सोडायची. पहिले दोन दिवस मासे वास घेऊन बाजूला होत. तिसऱ्या दिवशी पिशवीला धडका सुरू झाल्या. गेल्या दोन हिवाळ्यांत चट्टे दिसले नाहीत. ते लसणामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच वर्षी मी बोटुकलीही कमी सोडली होती.

दहा ग्रॅमचा आकडा मी मनाने काढलेला नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली रोहूवरचं काम प्रसिद्ध केलं. खाद्यात ०.१ ते १ टक्का लसूण देऊन साठ दिवसांनी माशांना आजार आणणाऱ्या एरोमोनास जंतूची मुद्दाम लागण केली, तेव्हा लसूण खाल्लेले मासे जास्त जगले. पण ते प्रयोगशाळेतलं पाणी. आमचं पाणी जड (क्षारांचं), तळाला प्लॅस्टिकचं अस्तर आणि मार्चपर्यंत कंबरेएवढं उरलेलं तळं. इथं तेच प्रमाण लागू पडतं का, हे सांगणारं कुणी नाही.

पाल्याचं म्हणून सगळं निरुपद्रवी, हा समज मी पैसे मोजून सोडला. कडुनिंबाचा पाला उकळून बादलीभर काढा तळ्यात ओतला. सकाळी काठावर सत्तावीस मासे उलटे. कडुनिंबाचा अर्क जास्त झाला तर माशाला विष ठरतो, हे मला नंतर कळलं. शेवग्याचा पालाही प्रथिनांचा म्हणून लोक भरमसाट घालतात. त्यातल्या टॅनिन-सॅपोनिन या घटकांमुळे मासा उलट खुंटतो. आणि हळद! वसमतच्या बाजारात पॉलिशच्या ढोलाखाली पिवळी भुकटी साचते, ती स्वस्तात मिळते. हळदीतलं कर्क्युमिन माशाला चांगलं, हे खरं. पण रंग खुलवायला हळदीला शिसं असलेलं लेड क्रोमेट लावण्याचे प्रकार आपल्या देशात झालेत. तसली भुकटी पेंडीत गेली तर रोहूला काय आणि रोहू खाणाऱ्याला काय, औषध म्हणून आपण शिसंच खाऊ घालू.

दरम्यान दुकानात "हर्बल" पिशव्या आल्यात. वर तुळस, अश्वगंधा, शतावरीची चित्रं. आत काय, किती टक्के, कुठल्या माशाला, काही छापलेलं नाही.

म्हणून मागणी एवढीच. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मग शेतीला मिळते तशी शिफारसही द्या. कापसाला खत किती, हे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या दैनंदिनीत बघता येतं. तसं लसूण, हळद, शेवगा, मेथी यांचं प्रमाण आमच्या हातात पडावं: किती, किती दिवस, कुठल्या वयाच्या माशाला आणि काय मुळीच घालू नये. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुलं शिकतात, प्राध्यापक आहेत. त्यांच्या चाचण्या लातूर, हिंगोली, बीडच्या शेततळ्यांवर घ्या, निदान दोन हंगाम. खाद्याच्या पिशवीवर घटक आणि त्यांचं प्रमाण छापणं सक्तीचं करा. या पावडरींवर अनुदानाची योजना मात्र कृपया आणू नका. अनुदान आलं की पिशव्या वाढतील आणि त्यांवर चित्रंही वाढतील.

एक गोष्ट कबूल करतो. पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात, तेव्हा त्यांना हवा लागते, हळद नाही. पाण्याची तपासणी आणि एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) यांची जागा कुठलीही वनस्पती घेणार नाही. हे त्या शिफारशीत पहिल्या ओळीत लिहा.

माझ्या तळ्यात चाचणीसाठी चार हापे (जाळीचे कप्पे) बांधता येतील. दोनांत लसूण, दोनांत साधं खाद्य. बांबू माझे, मजुरी माझी. बोटुकली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोडतो, त्याआधी कुणी आलं तर बरं.

आपला,
एक शेततळेधारक शेतकरी
ता. वसमत, जि. हिंगोली