पोत्याच्या तळापर्यंत हात घालणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमची जनावरं आज पुन्हा पोटभर खातात ती तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

गाई दुधाला कमी झाल्या होत्या, कालवडींच्या अंगावरची तकाकी गेली होती, एक वासरू पार खंगलं होतं. औषधं चालू होती, गुण नव्हता. तुम्ही वासराची पापणी उलटून पिवळेपणा पाहिलात आणि लगेच विचारलंत, "खुराक कुठे ठेवता?" मक्याच्या पोत्यात तुम्ही कोपरापर्यंत हात घातलात. वरचे दाणे स्वच्छ होते. तळातल्या मुठीत मात्र दाणे एकमेकांना चिकटलेले, त्यांवर हिरवट-पिवळी भुकटी. बुरशीचं विष साठ्यात सारखं पसरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक पोत्यातून वरून, मधून, तळातून थोडं थोडं काढून, एकत्र मिसळून तुम्ही नमुना पाठवलात. तपासणीत अफ्लाटॉक्सिन निघालं.

1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी भुईमुगाच्या पेंडीतून याच विषानं दगावले, हे तुमच्याकडूनच कळलं. ते यकृतावर घाव घालतं, लहान जनावरांना आधी गाठतं, प्रतिकारशक्ती इतकी खालावते की लसही नीट लागू पडत नाही. मका धुऊन, उन्हात वाळवून घालावा का, असं विचारलं तेव्हा तुम्ही ठाम नाही म्हणालात: बुरशी मरते, विष दाण्यातच राहतं.

सगळ्यात मोठे उपकार दुधाच्या बाबतीतले. बाधित खुराक पोटात गेल्यावर दिवसभरातच एम-1 या रूपात विष दुधात उतरतं आणि दूध तापवूनही जात नाही. खुराक बदलल्यावर काही दिवसांत ते ओसरतं. तोवर दूध कुणालाच देऊ नका, हे तुम्ही आमचं नुकसान दिसत असतानाही स्पष्ट सांगितलंत. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात गेलं असतं.

या विषावर उतारा नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. ते वासरू वाचलं नाही, पण शेवटपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ बसून होतात. बाकीची सावरली. आता मका ओलावा मोजून, 13 टक्क्यांच्या आत आल्यावरच भरतो, आणि पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवतो.

मनापासून आभार, मॅडम.

आपला ऋणी,
एक पशुपालक