बाटली छातीच्या खालीच हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग होता. सीटी स्कॅनमध्ये बघत सुईने बायोप्सी केली आणि त्याच संध्याकाळी अण्णांना धाप लागली. एक्स-रेत उजवं फुप्फुस बसलेलं दिसलं. त्याच्याभोवती हवा साठली होती. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घालून पाण्याच्या बाटलीला जोडली. इथवर सगळं नीट झालं.

पुढे दुसऱ्या रुग्णालयात नेताना रुग्णवाहिकेतल्या मुलानं बाटली अण्णांच्या पोटावर ठेवली आणि 'पाणी सांडायला नको' म्हणून नळीला चिमटा लावला. वीसेक मिनिटांत अण्णांचे ओठ निळे पडले. वाटेतल्या दवाखान्यातल्या सिस्टर धावत आल्या, चिमटा काढला, बाटली खाली धरली. भराभरा बुडबुडे आले आणि अण्णांनी डोळे उघडले.

हवा बाहेर पडत असताना नळी बंद केली, तर ती आतच साठून हृदय दाबते. बाटली छातीच्या वर गेली, तर तिच्यातलं पाणी उलट छातीत शिरू शकतं. एवढं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या सिस्टरनी मात्र केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं: बाटली कायम खाली. नळीचं टोक पाण्यात दोन सेंटिमीटर बुडालेलं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतंय का बघा. बाटली फुटली तर टोक लगेच स्वच्छ पाण्यात बुडवा. रात्रभर मी ते हलणारं पाणीच बघत बसलो होतो.

नातेवाइकांनी डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारावा: फुप्फुस कशानं बसलंय, हवेनं, पाण्यानं की गाठीनं? कारण उपाय वेगळे असतात. फुप्फुसाभोवती पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर टाल्कची पूड आत घालून फुप्फुसाची आवरणं चिकटवतात, किंवा घरीच पाणी काढता येईल अशी बारीक नळी ठेवतात. गाठीनं श्वासनलिका बुजली असेल तर बाटलीनं फुप्फुस फुलत नाही. तिथे दुर्बिणीतून वाट मोकळी करावी लागते किंवा रेडिएशन द्यावं लागतं.

नळी घातलेल्या प्रत्येक रुग्णासोबत मराठीत छापलेला असा कागद द्यावा आणि रुग्णवाहिकेवरच्या प्रत्येकाला तो समजावून सांगावा, ही माझी कळकळीची विनंती. सिस्टरच्या कागदाच्या झेरॉक्स काढून वॉर्डातल्या चार घरांना मी वाटल्या. हे काम रुग्णालयांचं आहे.

आपला,
एक वाचक, कराड