शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या भाचीच्या नृत्याचा कार्यक्रम होता. मागे काळा पडदा, तिच्यावर स्पॉटलाइटचा झोत आणि माझ्या प्रत्येक फोटोत तिचा चेहरा पांढराफटक, नाकडोळे पुसल्यासारखे. त्यात तिचे हातही हललेले. रडकुंडीला येऊन मी कॅमेरा पिशवीत ठेवायला लागले, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "एक्स्पोजर उणे दोन करून बघा."

एक्स्पोजर म्हणजे फोटोत येणारा प्रकाश; आधीच एवढा अंधार, त्यात आणखी उणे कशाला, असं मनात आलं. तरी केलं. एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, दोन स्टॉप कमी म्हणजे एक चतुर्थांश, त्यामुळे शटर उघडं राहण्याचा वेळ १/६० सेकंदावरून थेट १/२५० वर गेला. पुढच्या फोटोत तिच्या डोळ्यांतलं काजळ दिसलं आणि हातही जागच्या जागी थांबले!

मध्यंतरात तुम्ही चहाला गेला नाहीत, मला शिकवत बसलात. कार्यक्रमपत्रिकेची कोरी बाजू फ्रेमभर घेऊन एक फोटो काढायला लावलात, मग माझ्या काळ्या पिशवीचा दुसरा. दोन्ही राखाडी! कागद मळका, पिशवी विटलेली. समोर काय आहे हे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला कळत नाही, जे येईल ते सरासरी राखाडी करायचं एवढंच त्याला ठाऊक, हे तुम्ही त्या दोन फोटोंत दाखवलंत. फ्रेममध्ये काळा पडदा जास्त, म्हणून मीटर सगळंच उजळत होता आणि चेहऱ्याचा बळी जात होता. कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण हे डोक्यात शिरलं ते तेव्हा.

पांढरं असेल तर अधिक, काळं असेल तर उणे. हे मला अजूनही उलटं वाटतं, अशा वेळी मी ती पिशवी आठवते.

तुम्ही आणखी एक सांगितलंत: जळून पांढरा झालेला भाग परत मिळत नाही, सावलीतलं मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या मूळ फाइलमधून, बरंच वर काढता येतं. म्हणून शंका आली की मी आधी चेहऱ्यावरचा सगळ्यात उजळ भाग सांभाळते. लाल-निळ्या दिव्यांत साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, ठीक दिसतो आणि लाल रंग तेवढा जळून गेलेला असतो, तेव्हा लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघायची सवयही तुमचीच.

गेल्या महिन्यात बाबा खिडकीला पाठ करून वाचत बसले होते. फोटोत खिडकी सुरेख आणि बाबा म्हणजे नुसती काळी आकृती. या वेळी घाबरले नाही. अधिक दीड केलं, चेहरा आला, खिडकी मात्र उडाली. मग त्यांना खुर्ची थोडी वळवायला सांगितलं आणि सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरली. मला तोच फोटो जास्त आवडतो, कारण त्यात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येतात.

काका, तुमच्या मांडीवरही कॅमेरा होता. मला शिकवण्यात तुमचे किती फोटो हुकले असतील, हे घरी आल्यावर लक्षात आलं. तुमचं कोण नाचत होतं तेही विचारलं नाही. त्या दिवशी मी शेवटपर्यंत फोटो काढले आहेत, जवळजवळ सगळ्या मुलांचे. त्यात तुमचंही कुणी नक्की असेल. ओळख पटली तर कळवा, सगळे फोटो पाठवते.

तुमची,
काळ्या पिशवीवाली